क्यूच्या पिनेला गॅसबत्ती लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्या पोरांकडे आता स्वतःचे, दोन तुकड्यांचे क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, दिसतात. मागचा जाड भाग बट, पुढचा निमुळता भाग शाफ्ट आणि दोघांना जोडणारी आट्यांची पिन. ही पिन वाकली, हलू लागली किंवा आतच तुटली की क्यू एक तर माळ्यावर जातो, नाहीतर जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात. तिथे पिनेवर गॅसची बत्ती धरतात, पाईप पान्याने पिळतात. पिन निघतेही, पण तिच्याबरोबर कॉलर (जोडाच्या तोंडाशी बटवर बसवलेली कडी) सुटते, पॉलिशला फोड येतात आणि भोकाच्या तोंडाशी लाकूड कोळसा होते. इंजिनाचा क्रँक शतांश मिलिमीटरमध्ये ग्राइंड करणारे हात ज्या गावात आहेत, तिथे हे काम असे होऊ नये. क्यू दुरुस्तीत असलेले आम्ही काही जण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत. खेळणाऱ्यांनी वाचावे, त्याहून जास्त लेथवाल्यांनी वाचावे.

आधी दोष पिनेचाच आहे का ते बघा. फटका मारताना खट् आवाज येतो म्हणून पिन सैल, असे धरून येणारे पुष्कळ. तो आवाज बऱ्याचदा बटच्या बुडाशी, रबरी बंपरच्या आत असलेल्या वजनाच्या बोल्टचा असतो. बंपर काढून बोल्ट आवळला की आवाज बंद. तो घट्ट असूनही आवाज येत असेल तर बट कॉलरजवळ मुठीत धरा, अंगठ्याचे नख पिन आणि लाकूड जिथे भेटतात त्या रेषेवर टेकवा आणि दुसऱ्या हाताने पिन हलवा. डोळ्याला न दिसणारी हालचाल नखाला लागते. पिन वाकली आहे का हे बघायचे तर शाफ्ट काढून नुसता बट टेबलावर लोळवा, पिन काठाबाहेर ठेवा. पिनेचे टोक वर्तुळ काढत असेल तर ती वाकली आहे किंवा बसवतानाच वाकडी बसली आहे. टोक जागच्या जागी फिरत असेल तर पिनेला हात लावू नका, दोष शाफ्टमध्ये शोधा.

वाकलेली पिन हातोडीने किंवा वर पाईपचा तुकडा घालून सरळ करायची नाही. पोलाद सरळ होण्याआधी भोवतीचे लाकूड दबते. बाहेरून सगळे ठीक दिसते. आत लाकडातले आटे चुरलेले असतात आणि थोड्याच दिवसांत तीच पिन डुलू लागते. सैल पिनेच्या फटीत फेव्हिक्विक सोडणे हाही तसलाच उपाय. तो गोंद कडक आणि ठिसूळ होतो, ब्रेकच्या, म्हणजे डाव फोडायच्या पहिल्या जोरदार फटक्याचा हादरा सोसत नाही आणि पुढे पिन नीट बसवणाऱ्याला आधी त्याचे थर खरवडत बसावे लागते.

मापाचा घोळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. आमच्या उद्यमनगरच्या कारखान्यांच्या भाषेत पूल क्यूच्या पिना बहुतेक करून अडीच सुती किंवा तीन सुती. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिलिमीटर. तीन सूत म्हणजे ३/८ इंच, ९.५३ मिलिमीटर. पण जाडी जुळली म्हणजे पिन जुळली असे होत नाही. अडीच सुतीत इंचाला १४ आटे आणि १८ आटे असे दोन प्रकार आहेत. तीन सुतीत १० आणि ११. रेडियल म्हणतात ती पिन गोलसर आट्यांची, इंचाला ८. थोड्याच फेऱ्यांत आवळणाऱ्या युनिलॉकसारख्या पिना आणखी वेगळ्या. स्नूकरच्या क्यूला बहुतेक पितळी जॉइंट असतो, त्याचे माप या कशाशीच जुळेल असे धरू नये. म्हणून जाडीला वर्नियर आणि आट्यांना थ्रेड गेज, दोन्ही लावल्याशिवाय नवी पिन मागवू नका आणि बनवूही नका. गिऱ्हाइकाकडे दोन शाफ्ट असतील तर दोन्ही मागवून घ्या. नवी पिन दोन्हींत बसली पाहिजे.

बाजारातले नट इथे फसवतात. अडीच सुती बाजारी नटाला इंचाला १८ आटे असतात, तो १८ च्या पिनेवर चालतो. १४ च्या पिनेवर एक-दीड फेरा जातो आणि अडतो. तीन सुती बाजारी नटाला १६ आटे, तो १० किंवा ११ च्या पिनेवर चढणारच नाही. एम-८ चा नट तर सगळ्यात वाईट. अडीच सूत आणि ८ मिलिमीटर यांच्या जाडीत फरक इतका थोडा की नट बसल्यासारखा वाटतो. पण त्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिलिमीटर आणि १८ आट्यांच्या पिनेची १.४१. जोर लावला की पिनेचे आटे सोलून निघतात आणि धरायला काही उरत नाही.

धरायला चांगले काही असणे हे या कामात निम्मे काम आहे. पिनेच्या मापाचे दोन नट लेथवर काढून घ्या, प्रत्येकी दहा-बारा मिलिमीटर जाडीचे. षटकोनी पितळी सळई त्याला उत्तम. पहिला नट पिनेवर खाली न्यायचा पण कॉलरला टेकवायचा नाही, तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवायचे. दुसरा त्याच्यावर आणून दोन पान्यांनी एकमेकांवर घट्ट आवळायचे. मग पाना खालच्या नटाला लावून उलटे फिरवायचे. पिन टाकूनच द्यायची आहे, मग पाईप पान्याने धरली तर काय बिघडले, असे विचारले जाते. पाईप पान्याचे दात एका अंगाने ओढतात. पिन फिरता फिरता कलते आणि कॉलरच्या आत लाकडाचा जो बारीक खुंटा असतो तो त्या कलण्याने चिरतो. ही चीर दिसत नाही. नवी पिन बसवून क्यू दिला की महिन्याभरात परत येतो आणि दोष नव्या पिनेवर जातो.

पिन लाकडात नुसती आट्यांवर नसते, इपॉक्सीने चिकटवलेली असते. आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेले अराल्डाइट त्याच जातीचे. ही इपॉक्सी साधारण ६०-७० अंशांपुढे मऊ पडू लागते आणि शंभरच्या पुढे तिची पकड बरीच सुटते. लाकूड काळे पडायला अडीचशेच्या आसपास तापमान लागते. म्हणजे काम करायला जागा आहे आणि पुरेशी आहे. बत्तीची ज्योत हजार अंशांच्या वर असते, तिला ही जागा दिसतच नाही. पिन तापायच्या आत कॉलर तापते, कॉलरखालचा गोंद सुटतो, लाकडातल्या ओलाव्याची वाफ होऊन तोंडाशी तडा जातो. उष्णता पिनेच्या आतून गेली पाहिजे, बाहेरून लाकडावर येता कामा नये. सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे.

त्यासाठी सोल्डरिंग आयर्न घ्या, ६० ते १०० वॅटचा. रेडिओ दुरुस्तीचा २५ वॅटचा पुरत नाही. पिनेच्या टोकाला बहुतेक वेळा सेंटरचा छोटा खड्डा असतोच, नसेल तर सेंटर ड्रिलने करा आणि आयर्नचे टोक त्यात दाबून धरा. नुसते आडवे टेकवले तर स्पर्श कमी होतो आणि अर्धी उष्णता हवेत जाते. कॉलर आणि मागचे पॉलिश यांवर मास्किंग टेप लावा, त्यावर ओले करून पिळलेले फडके गुंडाळा. पाणी टपकेल इतके ओले नको. फडक्याची एक बाजू थोडी उघडी ठेवून कॉलरवर बोट ठेवा. बोट ठेवणे अशक्य झाले की आयर्न काढा, थांबा, पुन्हा सुरू करा. पितळ स्टेनलेस स्टीलपेक्षा सातेक पट जास्त उष्णता वाहून नेते. म्हणून पितळी पिन साधारण तीन-चार मिनिटांत तयार होते. स्टेनलेसला दुप्पट वेळ, कधी त्याहून जास्त. स्टेनलेस पिनेचे टोक कडक तापले म्हणून आतही तेवढीच तापली असे समजू नका. आतला इंच-दीड इंच अजून कोमट असतो.

मग पान्यावर हात. बट धरायचा तो कॉलरजवळ, रबराच्या पट्टीने. मुठीकडे धरून पिळला तर तो पीळ पुढच्या सगळ्या जोडांतून जातो. आधी केसभर सुलटे आवळा, मग उलटे. या उलटसुलट हालचालीने गोंदाचा थर मोडतो. बारीक करकर ऐकू आली तर चांगले, तो इपॉक्सीचा आवाज आहे. पिनेबरोबर कॉलरही फिरताना दिसली तर तिथेच थांबा. पिन एकदा हलली की मध्ये सोडू नका, चहाला जाऊ नका. गार झाली की मऊ पडलेली इपॉक्सी पुन्हा आवळते आणि या वेळी चुरलेल्या लाकडाचा भुसा धरून आवळते. आयर्न लावलेलाच ठेवून पाव पाव फेऱ्याने बाहेर आणा. पहिल्या खेपेला हललीच नाही तर पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा तापवा. धातू तापताना फुगतो, गार होताना आकसतो. दोन-तीन वेळा असे झाले की जी दाद देत नव्हती ती पिनही बऱ्याचदा देते. सरळ ओढून काढायचा प्रयत्न मात्र कुणी करू नये. पिनेला आटे आहेत, ओढली तर लाकडातले सगळे आटे तासून घेऊन येते.

जी-१० ची पिन असेल तर यातले काही करू नका. ती काच-तंतू आणि इपॉक्सीची असते, वजनाला हलकी, टिचकी मारली तर धातूसारखी वाजत नाही. तिच्यातून उष्णता जात नाही. आयर्न लावला तर टोक जळते आणि आत काही पोचत नाही. ती बोअर करूनच काढावी लागते.

तीन-चार खेपांनंतरही न हलणारी, आतच तुटलेली किंवा जी-१० ची, अशा पिनेला लेथ. इथे खरी कसोटी धरण्याची आहे. बटचे बूड साधारण ३२ मिलिमीटर जाड असते आणि बट स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या पोकळ दांड्याच्या, भोकातून मागून पुढे यावा लागतो. प्रत्येक लेथच्या स्पिंडलमधून तो जाईलच असे नाही, आधी वर्नियर लावा. जात नसेल तर पुढचे टोक स्टेडीत (लेथवरच्या आधाराच्या कड्यात) घ्यावे लागते. चकचे (लेथच्या पकडीचे) जबडे थेट लाकडावर आवळायचे नाहीत. नायलॉनच्या सळईचे बुश (नळीसारखे अस्तर) करा, आतून बटच्या निमुळतेपणाला जुळणारे, एका बाजूने चिरलेले. दुसरा असाच बुश स्पिंडलच्या मागच्या तोंडाशी हवा. तो नसला की बटची शेपूट फडफडते आणि पुढे कितीही नीट धरले तरी भोक मोठे होते. डायल, म्हणजे फिरताना किती हलते ते काट्यावर दाखवणारे गेज, एकाच जागी लावून भागत नाही. कॉलरवर काटा शांत असेल आणि तिथून सहा इंच मागे नाचत असेल तर अक्ष तिरका आहे. त्या स्थितीत पाडलेले भोक तोंडाशी मध्यावर आणि तळाशी बाजूला जाते. चार जबड्यांच्या चकमध्ये दोन्ही जागी काटा पाच शतांश मिलिमीटरच्या आत आणा. क्रँक आणि बोअरची कामे करणाऱ्याला यात नवीन काही नाही. फक्त लाकडाला लोखंडासारखा दाब द्यायचा नाही.

पिन कॉलरपासून तीन-चार मिलिमीटर बाहेर ठेवून हॅक्सॉने कापा, टोक फेस करा, म्हणजे लेथवर सपाट करा, सेंटर मारा. मग ३, ४.५, ६ मिलिमीटर असे चढत जा. स्टेनलेस घासले की कडक होते, म्हणून ड्रिल धारदार हवे आणि एकदा कापू लागले की नुसते टेकवून फिरवत ठेवायचे नाही, कापतच न्यायचे. फेरे मिनिटाला चारशेच्या आसपास. कटिंग ऑइल वापरू नका. लाकडात गेलेले तेल निघत नाही आणि तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. ड्रिल वरचेवर बाहेर काढा, गार होऊ द्या, हवेने भुकटी उडवा. डाव्या हाताचे, म्हणजे उलट्या पिळाचे, ड्रिल मिळाले तर लेथ उलटा चालवून तेच वापरा. कापता कापता तापलेली पिन पुष्कळदा त्याच्यावरच स्क्रूसारखी बाहेर येते. नाही आली तर शेवटचा भाग बोरिंग बारने घ्या. ड्रिल लाकडाकडे पळते, बार पळत नाही. पिनेची भिंत कागदाएवढी उरली की तिच्या आट्यांचा पीळ मोकळा होतो आणि टोचणीने टोक उचलले की स्प्रिंगसारखा उलगडत बाहेर येतो. तो उलगडताना लाकडाचे आटे शाबूत दिसले तर काम उत्तम झाले. जी-१० ची भुकटी काचेची असते. तोंडावर चांगला मास्क आणि बोरिंग बारजवळ व्हॅक्यूमची नळी असल्याशिवाय तिला हात लावू नये. साधी ड्रिले तिच्यात लगेच बोथट होतात, कार्बाइड वापरा.

आटे शाबूत असतील तर त्याच मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) हाताने फिरवून जुना गोंद काढा आणि नवी पिन बसवायला घ्या. ते चुरले किंवा जळले असतील तर भोक मोठे करून खुंटी बसवावी लागते. ही खुंटी कशाची, यावर आमचे स्पष्ट मत आहे. सागवान आणि शिसम दिसायला छान, पण तेलकट. इपॉक्सीची पकड त्यांच्यावर कमी. मोडलेल्या मेपल शाफ्टचा तुकडा घ्या, तो वाळलेला असतो आणि त्याचे रेषे लांबीत असतात. खुंटीचे रेषे आडवे आले तर पहिल्याच ब्रेकला ती सोलते. लाकूड नको असेल तर इलेक्ट्रिक पॅनेलवाल्यांकडचा हायलमचा, म्हणजे राळेत दाबून केलेल्या कडक पदार्थाचा, रॉड चालतो. भोक १२ मिलिमीटरच्या पुढे नेण्याआधी कॉलरच्या आतला खुंटा मोजा. जॉइंट बाहेरून साडेएकवीस मिलिमीटर दिसतो, पण कॉलरची जाडी वजा केली की आत लाकूड पुष्कळ कमी उरते. खुंटी भोकापेक्षा एक दशांश मिलिमीटरने बारीक ठेवा आणि तिच्या लांबीत काणसीने एक खाच पाडा. ही खाच नसेल तर आत कोंडलेली हवा आणि गोंद पिचकारीच्या दट्ट्यासारखे काम करतात. खुंटी परत बाहेर येते किंवा बटला उभा तडा जातो. खुंटी बसवली की २४ तास हात लावायचा नाही.

नवे भोक पाडताना पुन्हा दोन जागी डायल. पिनेच्या आट्यांच्या तळाचा व्यास मोजा, ड्रिल त्याहून अर्धा मिलिमीटर बारीक घ्या आणि उरलेले बोरिंग बारने घ्या. टॅप टेलस्टॉकच्या सेंटरवर टेकवून स्पिंडल हाताने फिरवत न्या. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. लाकडाचे आटे मऊ वाटले तर त्यांच्यावर पातळ सुपर ग्लू मुरवा, पूर्ण वाळू द्या आणि टॅप पुन्हा एकदा फिरवा. आट्यांवर विसंबून पिन मध्यावर येत नाही, आट्यांत सैलपणा असतोच. चांगल्या पिनेला कॉलरजवळ आटे नसलेला गुळगुळीत भाग असतो. तोंडाशी सहा-आठ मिलिमीटर खोल भोक त्या भागाला नेमके बसेल असे बोअर करा. पिनेला मध्यावर हा भाग धरतो. पिन स्वतः बनवत असाल तर तो ठेवायला विसरू नका. भोक पिनेपेक्षा तीन मिलिमीटर खोल ठेवा आणि पिनेच्या आट्यांवरही एक उभी खाच घ्या, कारण वरचेच.

बाहेर राहणाऱ्या आट्यांवर मेण लावा, आत जाणारे आटे खरखरीत पॉलिश पेपरने घासा आणि थिनरने पुसा. त्यानंतर बोट लावू नका. गोंद हळू सेट होणाराच घ्या, दोन्ही ट्यूबांतून समान. पाच मिनिटांचा गोंद इथे उपयोगाचा नाही. डायल लावून पिन सरळ करेपर्यंत तो घट्ट होतो आणि उष्णतेलाही लवकर दबतो; चैत्र-वैशाखात बंद गाडीत ठेवलेल्या क्यूची पिन हलू लागते ती अशाच गोंदाची. भोकात काडीने पातळ थर, पिनेवर पातळ थर, हाताने बसवा, बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या फडक्याने पुसा. टेलस्टॉकचा फिरता सेंटर पिनेच्या खड्ड्यात अलगद टेकवून स्पिंडल हाताने फिरवा, काटा बघा आणि तसेच राहू द्या. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः आषाढ-श्रावणात, दोन दिवस द्या. थंड दमट हवेत गोंद हळू पिकतो.

पावसाळ्याचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत घरांत शिरले. असे पाणी लागलेला किंवा नुसता ओलाव्यात राहिलेला क्यू लगेच लेथवर चढवू नका. लाकूड फुगलेले असते. त्या स्थितीत बरोबर पाडलेले भोक लाकूड वाळल्यावर बरोबर राहत नाही. सावलीत, उभा टांगून, दोन-तीन आठवडे वाळू द्या. उन्हात ठेवला तर बट वाकतो.

गोंद पिकल्यावर जॉइंटचा चेहरा फेस करायचा. पाच शतांशांचा एकच कट, फार तर दोन. पिन सरळ असूनही चेहरा अक्षाला काटकोनात नसेल तर शाफ्ट एका बाजूने टेकतो आणि दुसऱ्या बाजूला उघडा राहतो. शाफ्ट हाताने लावत न्या आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला जॉइंट ट्यूबलाइटसमोर धरा. उजेडाची रेघ सगळीकडून एकदमच मिटली पाहिजे. एका बाजूला चंद्रकोर उरत असेल तर ती आवळून मिटवू नका, पुन्हा फेस करा. आवळून मिटवलेली कोर पिनेला वाकवत राहते.

पिनेचा धातू बदलणार असाल तर गिऱ्हाइकाला आधी विचारा. तीन इंच लांबीची तीन सुती स्टेनलेस पिन साधारण ३६ ग्रॅम भरते, तेवढीच टायटेनियमची २० ग्रॅम आणि जी-१० ची आठ-नऊ ग्रॅम. पूल क्यूचे सगळे वजन ५१० ते ५९५ ग्रॅमच्या दरम्यान असते. स्टेनलेस काढून जी-१० घातली तर जवळजवळ एक औंस कमी होतो आणि तोही क्यूच्या मध्यावरून. तोल साधारण अर्धा इंच मागे सरकतो. रोज खेळणाऱ्याच्या हाताला हा फरक पहिल्याच शॉटला कळतो. जे होते तेच परत घालणे हा आमचा सल्ला, खेळाडूने स्वतः वेगळे मागितले नसेल तर.

लेथवाल्यांना विनंती की या कामासाठी नायलॉनचे दोन बुश, चारही मापांचे टॅप आणि त्यांचे नटांचे जोड एका डब्यात वेगळे ठेवावेत. पहिल्यांदा ते बनवण्यात एक दिवस जातो, पुढे प्रत्येक क्यूला तो दिवस वाचतो. आयटीआयतून टर्नर होऊन आलेल्या पोरांना हे काम शिकायला द्यावे. डायल दोन जागी लावायची सवय त्यात हाताला लागते आणि ती इंजिनाच्या कामातही उपयोगी पडते. पूल पार्लर चालवणाऱ्यांनी पार्लरच्या क्यूंवर पिनेचे माप बंपरजवळ मार्करने लिहून ठेवावे. एका टेबलाचा शाफ्ट दुसऱ्याच्या बटला जोराने लावून जितक्या पिना खराब होतात तितक्या खेळून होत नाहीत.

आणि काढलेली जुनी पिन, तुकड्यांत निघाली तरी, गिऱ्हाइकाला क्यूबरोबर परत द्या. नवीन शाफ्ट करून घ्यायची वेळ आली की मापाला तीच लागते.

कळावे.

आपले,
क्यू दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर